टेस्ट फेल झाली तर कारण तिथंच दिसायला हवं: असर्टजे कसं वापरायचं

नाशिकात आम्ही कांद्याच्या हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करतो, त्यामुळं लिलाव सुरू व्हायच्या आत बिल्ड ग्रीन, म्हणजे सगळ्या टेस्ट पास, पाहिजे म्हणजे पाहिजे. गेल्या सीझनला भल्या सकाळी एक टेस्ट फेल, आणि मेसेज काय तर "एक्स्पेक्टेड ट्रू, वॉज फॉल्स". आता यातून काय कपाळ कळणार? ओळ होती असर्टट्रू(नावं.कंटेन्स("तोलाई")), म्हणजे बाहेर येणार नुसतं हो किंवा नाही, लिस्टमध्ये खरंच काय होतं ते गायब.

तेच असर्टजेमध्ये, म्हणजे जावाच्या टेस्टमधल्या तपासण्या लिहायच्या लायब्ररीत, असं लिहा, इथं देवनागरीत टाकतोय, एडिटरमध्ये अर्थातच इंग्लिश:

असर्टदॅट(पट्टी.कपाती())
.एक्स्ट्रॅक्टिंग("नाव")
.कंटेन्सएक्झॅक्टलीइनएनीऑर्डर("हमाली", "तोलाई");

आता फेल झाली की सांगते, "तोलाई" सापडलं नाही आणि "तोलाइ" जास्तीचं आलंय. ऱ्हस्व इ! डेटा भरणाऱ्यानं घातलेला गोंधळ, जुन्या मेसेजवरून मी तासभर डिबगर लावून बसलो होतो. क्रमही तपासायचा असेल तर नुसतं कंटेन्सएक्झॅक्टली.

पैशाचं मात्र जपून. भाव 1850 रुपये क्विंटल, माल 12.5 क्विंटल, बिगडेसिमलमध्ये (जावाचा अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) गुणाकार येतो 23125.0, आणि तुम्ही इजइक्वलटू लावून 23125.00 मागितलं तर टेस्ट फेल, कारण जावा तिथं दशांशाची घरंपण बघतं. इजइक्वलबायकम्पेअरिंगटू लावा, विषय संपला.

कुठली पट्टी ते कळावं म्हणून ॲज("पट्टी नंबर %एस", नंबर) जोडता येतं, पण ते चेकच्या आधी पाहिजे, नंतर लावलं तर एरर न देता चक्क दुर्लक्ष होतं आणि आपण बसतो शोधत. कॉटलिन भाषेत लिहिणाऱ्यांना ॲज हा तिथला राखीव शब्द (कीवर्ड) आडवा येतो, त्यांनी डिस्क्राइब्डॲज घ्या.

अजून एक, असर्टदॅट(एकूण) लिहून पुढं काहीच नाही लावलं तर टेस्ट मस्त पास होते, काहीही न तपासता. रिव्ह्यूमध्ये मी आधी हेच बघतो.

एका पट्टीत भाव, वजन, कपात सगळंच बघायचं असेल तर सॉफ्टअसर्शन्स घ्या, पहिल्या चुकीला न थांबता सगळ्या चुका एकदम दाखवतं, फक्त शेवटी असर्टऑल विसरलात की परत तेच, सगळं ग्रीन. मी दोनदा विसरलोय, म्हणून आता असर्टसॉफ्टलीच वापरतो, ते स्वतःच शेवटी असर्टऑल करतं.