खानदेशात ज्येष्ठ आणि दिव्यांगांचा प्रवास: तिकीट कुठे माफ, कुठे निम्मं

वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली की एसटीत भाडं लागत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ही सोय आहे. पण शून्य रुपयांचं का होईना, तिकीट घ्यावंच लागतं. गर्दीत कंडक्टर 'बसा बाबा' म्हणून पुढे गेला, तरी मागून घ्या. मार्गात तपासणी झाली की तेच दाखवायचं असतं. आगाऊ आरक्षण केलं तर आरक्षणाचा आकार मात्र भरावा लागतो.

६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं. बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात निम्मं भाडं आहेच, म्हणून सत्तरीच्या आजींनी वयाचा पुरावा दाखवत बसायची गरज नाही.

खरी अडचण कार्डावरच्या तारखेची. आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर फक्त जन्मसाल छापलेलं असतं. मग पंचाहत्तरी भरली की भरायची आहे, यावरून बसमध्येच वाद होतो. अशा वेळी पूर्ण जन्मतारीख असलेलं पॅन, मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स जवळ ठेवा. झेरॉक्सवर विसंबू नका, मूळ कार्डच न्या. आधारवरची तारीख दुरुस्त करायची असेल तर पक्का पुरावा घेऊनच केंद्रावर जा, कारण जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते.

दुसरी अडचण हद्दीची, आणि ती खानदेशाला जास्त जाणवते. धुळ्याहून सुरतेला निघालात तर नवापूरपुढे राज्य संपतं. रावेरहून बऱ्हाणपूरला, शिरपूरहून सेंधव्याला जातानाही तेच. सवलत हद्दीपर्यंतच, पुढचं भाडं भरावं लागतं, तेवढे सुटे पैसे खिशात असू द्या. नाशिक-पुण्याच्या शहर बसलाही ही योजना लागू नाही.

दिव्यांगांना एसटीत सरसकट मोफत प्रवास नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर साध्या बसमध्ये ७५ टक्के सवलत मिळते, ६५ टक्क्यांच्या पुढे सोबत्यालाही निम्मं भाडं. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर फोटो, सही, आधार टाकून अर्ज करायचा, आपल्या जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय निवडायचं आणि बोलावतील त्या दिवशी जुने रिपोर्ट घेऊन तपासणीला जायचं. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा, अर्ज कुठवर पोचला ते त्यावरच कळतं.

सिकलसेल, डायलिसिस आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना मात्र साध्या बसचं पूर्ण भाडं माफ आहे. नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलची कितीतरी घरं आहेत आणि दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला त्यांचे पैसे जातात. अशा घरांना हे आवर्जून सांगा. सरकारी रुग्णालयाचा दाखला घेऊन जवळच्या आगारात चौकशी करायची.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. दिव्यांगांची चालू आहे, पण तिला रेल्वेचं स्वतंत्र ओळखपत्र लागतं. भुसावळ, जळगावसारख्या स्थानकांवर व्हीलचेअर हवी असेल तर गाडीच्या वेळेआधी स्टेशन मास्तरांना सांगा, तिचे पैसे पडत नाहीत. हमालाची मदत घेतली तर त्याची मजुरी वेगळी.