मॅग्नेशियमची झीज मोजताना नाशिकचा हवेचा दाब धरा

हाडात विरघळणाऱ्या स्क्रूच्या धातूची चकती घेऊन प्रोजेक्टची पोरं येतात आणि पहिलाच प्रश्न, "मॅडम, रोज वजन करायचं का?" वजन सुरुवातीला आणि शेवटी. रोजची झीज हायड्रोजन सांगतो: मॅग्नेशियमचा एक अणू गेला की हायड्रोजनचा एक रेणू सुटतो.

चकती १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर इथेनॉल टाकून घासा. पाणी लावलंत तर तिथेच गंजायला सुरुवात. टांगायला नायलॉनचा दोरा. स्टीलची तार अजिबात नको, स्टीलला टेकलं की मॅग्नेशियम झपाट्याने गंजतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाम्बोट या बेल्जियन सर्जननी मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली होती. आठ दिवसांत पट्टीचा भुगा झाला आणि कातडीखाली गॅस साठला.

द्रावण हँक्सचं (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी), सामू म्हणजे pH ७.४, तापमान ३७ अंश, दर चौरस सेंटीमीटर पृष्ठभागाला निदान २० मिली. इथे काटकसर केली की सामू चढतो, हायड्रॉक्साइडचा थर टिकायला लागतो आणि धातू आहे त्यापेक्षा गुणी दिसतो. सामू स्थिर धरायला ट्रिस हे बफर रसायन घालू नका, त्याने झीज वाढते. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला ठेवा, इथे डिस्टिल्ड पाणीच.

चकतीवर उलटं नरसाळं, त्यावर द्रावणाने भरलेलं उलटं ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी), त्यात हायड्रोजन साठतो, सगळं इन्क्युबेटरमध्ये. रीडिंगआधी नरसाळ्याला टिचकी मारा, अडकलेले बुडबुडे वर जातात.

आता हिशेब. पुस्तकात १ मिली हायड्रोजन म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. आपण नाशिकला समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. हवेचा दाब ७०८ मिमी पाऱ्याच्या आसपास. त्यातून हायड्रोजनमध्ये मिसळलेल्या ३७ अंशावरच्या पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करा, उरले ६६१. म्हणजे १ मिलीला फक्त ०.८३ मिलिग्रॅम! मुंबईच्या प्रबंधातला गुणक उचललात तर झीज उगाच फुगते. ब्युरेटमधली पातळी बाहेरच्यापेक्षा वर असेल तर तेवढा दाबही वजा करायचा.

शेवटी गंज काढून वजन: लिटरला २०० ग्रॅम क्रोमियम ट्रायॉक्साइड, १० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. सोबत एक न गंजलेली चकतीही बुडवा, म्हणजे आम्लाने किती खाल्लं ते कळतं. वजनाचा आकडा हायड्रोजनपेक्षा थोडा जास्त आला तर घाबरू नका, काही गॅस द्रावणात विरघळतो. क्रोमियम ट्रायॉक्साइड पाण्यात विरघळून होणारं हे क्रोमिक आम्ल कॅन्सरकारक आहे. काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), हातमोजे घालूनच. उरलेलं बेसिनमध्ये न ओतता लेबल लावलेल्या कॅनमध्ये टाका आणि कॅन माझ्याकडे द्या.