लॉनला टक्कल पडलं तर आधी खाली बघा

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतायच्या कारखान्यात, तीस वर्षं काढली. वाळू हातात आली की मूठ आपोआप वळते. दाबायची, उघडायची, बोटांचे ठसे राहिले आणि ढेकूळ मधोमध स्वच्छ मोडलं की ओल बरोबर. निवृत्तीनंतर अनगोळच्या घरापुढं वीस बाय पंधरा फुटांचं लॉन घातलं, तेव्हा हीच परीक्षा कामाला आली.

मिरगाचा पाऊस लागल्यावर बारीक पानाच्या हरळीचे तयार तुकडे आणले. वीट बांधताना सांधे चुकवतो तसेच ते अंथरले, फटींत चाळलेली माती भरली आणि फळी ठेवून वरून दाबलं. तुकड्याखाली पोकळी राहिली की मुळं हवेत लोंबतात आणि वाळतात.

पहिले दहा-बारा दिवस ओल तुटू द्यायची नाही. पाऊस पडतोय म्हणून मी दोन दिवस पाईप गुंडाळून ठेवला आणि फसलो. भुरभुर पावसानं पानं भिजतात, खालची तांबडी माती कोरडीच. कोपरा उचलायचा, खालची माती मुठीत घ्यायची. विस्कटली तर पाणी द्या, बोटांतून चिखल गळला तर थांबा. दोन आठवड्यांनी कोपरा ओढून बघा. तो सुटेना झाला की मुळं खाली गेली समजा. मग रोज शिंपडणं बंद. दोन-तीन दिवसांआड, पण चार बोटं खोल भिजेल असं पाणी. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी नसतं, तेही जमून जातं.

पहिली कापणी साधारण तीन आठवड्यांनी, गवत कोरडं असताना. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पातं बोथट असेल तर शेंडे फाटतात आणि सगळं लॉन पिवळट दिसतं. महिन्यानंतर एवढ्या जागेला पाव किलो युरिया पुरे, तोही फेकल्या फेकल्या पाणी मारून.

आता टकलाची गोष्ट. जुलैत एका कोपऱ्यात गवत विरळ झालं. त्याला कारण मीच. ओळखीच्या कारखान्यातून वापरलेली मोल्डिंगची काळी वाळू फुकट मिळाली म्हणून तिथं पसरली होती. त्या वाळूत बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते. साच्याला तेच हवं, मुळांना नको. सुकल्यावर पापुद्रा धरला आणि पाणी वरच साचू लागलं. बायको म्हणाली, "लॉनवर फौंड्रीच घातलासा की ओ!" सगळी वाळू खरवडून काढावी लागली. वाळू हवी तर धुतलेली नदीची घ्या.

सप्टेंबरात दुसरं टक्कल. हे पाण्यानं बरं होईना. कावळे तिथंच चोची मारत होते, तेव्हा ट्यूब पेटली. गवत हातानं ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळून आलं. खाली मुळं नाहीत, फक्त पांढऱ्या, अर्ध्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. हुमणी. आपल्याकडं ऊसवाल्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. मे महिन्यात कडोलीहून आणलेलं शेणखत अर्धंकच्चं होतं, ते तिला मानवलं. चौरस फूटभर खणून मोजा. पाच-सहाच्या वर सापडल्या तर सोडू नका. मी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, मग मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी कुजलेल्या खतात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत घातली. ती सावकाश काम करते, धीर लागतो.

कारण निघाल्यावर डागडुजी सोपी. मेलेलं गवत हिरव्या कडेपर्यंत काढायचं, माती चार बोटं खणून कुजलेलं खत मिसळायचं. लॉनच्याच दाट भागातून हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे काढून तीन-तीन इंचांवर टोकायचे, एक पेर मातीखाली. पावलानं दाबा आणि ओल सांभाळा. हे दसऱ्याआधी उरका. डिसेंबरच्या थंडीत हरळी जागची हलत नाही. लव्हाळा दिसला तर मात्र वरून ओढू नका, खुरप्यानं खालची गाठ काढा.

कुत्रं रोज एकाच जागी मुतत असेल तर तिथं बादलीभर पाणी ओता, एवढंच.

गेटजवळच्या पट्ट्यावर मी दोनदा टोकणी केली, दोनदा मेली. नातवाची सायकल तिथूनच वळते. शेवटी तिथं दोन शहाबादी फरश्या टाकल्या.