गावात घर बांधताय? नकाशाच्या आधी जागेचे कागद बघा

मी कराडला परवानाधारक अभियंता म्हणून काम करते. घराचे नकाशे काढायचे, त्यांवर सही करायची आणि परवानगी मिळेपर्यंत फाईलच्या मागे राहायचं, हा माझा धंदा. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं कराड-पाटण भागातली असतात. ऊस लावणारे शेतकरी, सुट्टीवर आलेले जवान, मुंबईची नोकरी संपवून गावी परतणारे. जवळजवळ सगळे एकाच वाक्याने सुरुवात करतात, "मॅडम, नकाशा काढून द्या." मी त्यांना आधी जागेचे कागद मागते. नकाशा आठवड्यात होतो, पण परवानगी अडते ती कायम जागेवरून.

म्हणून पहिला प्रश्न, तुमची जागा नेमकी कुठे येते? गावठाणात, गावठाणाला लागून, की शेतात? तुम्हाला कोणत्या कार्यालयात जायचं आहे ते या उत्तरावर ठरतं.

गावठाणातली जागा सगळ्यांत सोपी. तिला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) मिळते. (या मोजणीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता.) नमुना 8 ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. तलाठ्याकडे मिळणारा 8-अ हा खातेदाराच्या एकूण शेतजमिनीचा उतारा, त्याचा घराशी संबंध नाही. निम्मे लोक चुकीचा कागद घेऊन येतात, म्हणून आधीच सांगते. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे आणि ग्रामसेवकांचं ग्रामपंचायत अधिकारी. कार्यालयाच्या पाटीवर नवीन नाव दिसलं तर गोंधळू नका.

मिळकत पत्रिका आली असेल तर तिच्यावरचं क्षेत्र आणि नावं नमुना 8 शी ताडून पाहा. वाडवडिलांच्या घराला एकाच भावाचं नाव लागलेलं असतं, बाकीचे तोंडी वाटणीवर चाललेले असतात. बांधकामाचा अर्ज गेला की हीच गोष्ट हरकत म्हणून समोर येते.

आता गावठाणाला लागून असलेली जागा. इथे जमीन महसूल संहितेचं कलम 42-ड कामाला येतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असलेली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती झाल्याचं कायदा मानतो. मात्र ते आपोआप कागदावर येत नाही. तहसीलदारांकडे अर्ज करायचा, ते रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी काढून देत, ती चलनाने भरायची आणि सनद (बिगरशेती वापराचा सरकारी दाखला) घ्यायची, अशी पद्धत होती; आता काय भरायचं आणि कोणता कागद घ्यायचा ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. जमीन भोगवटादार वर्ग 2 (विकायला, गहाण ठेवायला आधी सरकारी परवानगी लागणारी) असेल तर नजराणाही, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. 200 मीटर मोजायचे ते गावनकाशावरच्या गावठाण हद्दीपासून. वस्ती पुढे सरकली, शाळा बांधली गेली, मंदिर झालं, म्हणून गावठाण पुढे सरकत नाही. पाटण भागातल्या वाड्यांमध्ये हा वाद नेहमी होतो, कारण वाडी लोकांच्या डोळ्यांसमोर पिढ्यान् पिढ्या असते, पण गावनकाशावर तिचं गावठाणच नसतं.

तिसरी जागा निव्वळ शेतातली. तिथे पहिल्यांदा झोन दाखला काढा, म्हणजे प्रादेशिक किंवा विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या विभागात येते ते कळेल. शेती विभागात राहतं घर बांधायचं म्हणजे फार्म हाउसचे नियम लागतात आणि त्यासाठी किमान 40 गुंठे, म्हणजे एक एकर जमीन लागते. बिगरशेतीचा मार्ग वेगळा, त्याला वेळही जास्त लागतो. बिगरशेतीचे नियम सरकार वरचेवर बदलतं, त्यामुळे अर्ज करताना तहसील कार्यालयात चालू शासन निर्णयाची प्रत मागून घ्या. शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी काय केलं, त्यावर जाऊ नका.

इथे एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. रस्त्याकडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकायला असतात आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून व्यवहार होतात. घेणारा वर्षानुवर्षांची बचत त्यात घालतो. त्या कागदाने तुमचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे आणि प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) लहान शेतजमिनीचा तुकडा सहजासहजी नावावर होत नाही. अलीकडे काही सवलती आल्या आहेत, पण आपला तुकडा त्यात बसतो का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारल्याशिवाय इसार देऊ नका. नावच नसेल तर परवानगी कुणाच्या नावाने मागणार?

सातबारा हातात आला की सगळे आपलं नाव आणि क्षेत्र बघतात. तुम्ही इतर हक्काचा रकाना वाचा. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथे असतं. आमच्याकडे कोयना प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या जमिनी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेक अजून वर्ग 2 मध्येच आहेत. त्यांच्या विक्रीला, गहाणाला आधी परवानगी लागते. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो काढा आणि चहाच्या वेळी घरच्या सगळ्यांना बसवून एक-एक ओळ वाचा.

मग सामायिक नावं. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली की बहिणींची नावं लागतात आणि ती लागायलाच हवीत. अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. "बहिणीचं कशाला, ती काय मागणार आहे," असं म्हणणारे भाऊ मला भेटतात. तिचा हक्क आहे, तिला समोर बसवून विचारा, नाहीतर कलम 85 खाली तहसीलदारांकडून रीतसर वाटप करून घ्या. संमती घेऊन बांधलेल्या घरात राखीपौर्णिमेला बहीण येते, हे मी बघत आले आहे. जिथे तिला वगळलं, तिथे दिवाणी दावा आलेलाही पाहिला आहे.

पाटणकडचा एक जवान दोन महिन्यांच्या रजेवर आला होता, रजेतच पाया भरायचा म्हणून. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी त्याला सांगितलं, या रजेत फक्त नावं लावून घे. फेरफाराची (नावबदलाच्या नोंदीची) नोटीस निघाली की हरकतींसाठी 15 दिवस थांबावं लागतं आणि एखादा चुलता दूरगावी असेल तर आणखी. वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून तलाठ्यांकडे जातो, त्यासाठी रजा खर्च करायची गरज नाही. रजा लागते ती मोजणीला उभं राहायला. त्याने ऐकलं आणि पुढच्या रजेत पाया भरला.

मोजणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथेच पैसे वाचवायला बघतात. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. आता तो ऑनलाइन होतो. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, हद्दी दाखवतो आणि नंतर तुम्हाला मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. माझा नकाशा मी त्या 'क' प्रतीवर बसवते. बांधाच्या अंदाजाने काढलेल्या नकाशात सामासिक अंतर (हद्द आणि भिंत यांमध्ये सोडायची मोकळी जागा) कागदावर बरोबर दिसतं आणि प्रत्यक्षात भिंत शेजाऱ्याच्या गटात जाते.

आमच्या भागासाठी एक व्यावहारिक सल्ला. उभ्या उसात मोजणी नीट होत नाही. ऊस तुटून गेला की लगेच तारीख मिळेल अशा बेताने अर्ज करा, म्हणजे कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच. मोजणीच्या दिवशी लगतदारांना स्वतः फोन करून बोलवा. त्यांच्यासमोर हद्दीच्या खुणा झाल्या की दगड पक्के रोवा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा.

रस्ताही त्याच वेळी बघून घ्या. जागेपर्यंत जाणारी वाट नकाशावर आहे, की फक्त वहिवाटीची? वहिवाट अडवली गेली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली, आणि बांधावरून नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली, दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच होतात. विटांची गाडी अडल्यावर हे करत बसण्यात अर्थ नाही.

नदीकाठच्या गावांना आणखी एक काम. कृष्णा-कोयनेच्या काठाने 2019 आणि 2021 चे पूर पाहिले आहेत, त्यांना समजावून सांगायला नको. जलसंपदा विभागाने आखलेल्या दोन रेषा असतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन घर बांधू नका. कुणी करून देतो म्हणालं तरी नको. दोन रेषांच्या मध्ये जागा असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. तो भराव आणि दगडकाम अंदाजपत्रकात आधीच धरा.

आता ज्या गोष्टीने सगळ्यांत जास्त गैरसमज केला आहे ती. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली आणि तिने लहान भूखंडांची वाट सोपी केली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मालकीचे कागद, परवानाधारकाने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क दिलं की त्याची पोचच पुरते. 150 ते 300 चौरस मीटरला परवानाधारकाच्या प्रमाणपत्रावर 10 दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. 300 चौरस मीटर, म्हणजे साधारण 3200 चौरस फुटांपर्यंत ग्रामीण भागात नगर रचना विभागाकडे जावं लागणार नाही, असं 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने जाहीर केलं. हे ऐकून गावोगाव समज पसरला की आता परवानगीच लागत नाही. लागते. जागा कायदेशीर आहे, नाव तुमचं आहे आणि नकाशा नियमात आहे, असं गृहीत धरून ही सवलत दिली आहे. सामासिक अंतरं, उंची, रस्त्यापासूनची रेषा, पूररेषा यांतलं काहीही माफ झालेलं नाही.

फाईलमध्ये एवढं घाला: मालकीचा उतारा, सनद किंवा बिगरशेतीचा आदेश, 'क' प्रत, झोन दाखला, संमतीपत्रं, नकाशाचे संच आणि परवानाधारकाचं प्रमाणपत्र. राज्यमार्ग, कालवा किंवा उच्चदाब वाहिनी जवळ असेल तर त्या-त्या विभागाचा ना-हरकत दाखला. गावठाणात अर्ज ग्रामपंचायतीकडे. गावठाणाबाहेर मोठा भूखंड असेल तर महसूल कार्यालयाकडे आणि तिथून नगर रचनाच्या अभिप्रायाला. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. उशीर झाला तर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली विचारणा करता येते, पण त्यासाठी हातात पोच हवी.

पैसे चलनाने किंवा पावतीने भरा. विकास शुल्काबरोबर बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही, हे अर्जातच लिहा.

घरकर्ज काढणाऱ्यांनी बँकेची कागदांची यादी अर्जाआधीच आणावी. फक्त ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधायला सुरुवात केली, भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि मग बँकेने सनद मागितली, असं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. शेवटी सावकाराकडून व्याजाने पैसे घेऊन त्यांनी स्लॅब टाकला. सनद आधी मागितली असती तर ते व्याज वाचलं असतं.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं आणि पुढे तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळतं. मुदत संपायच्या आधी अर्ज करा. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या, वरचं काम त्यानंतर. एखादी खोली वाढवायची झाली तर सुधारित नकाशा आधी मंजूर करा, गवंड्याला नंतर सांगा. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला हरकत नसल्याचा दाखला) घ्या आणि ग्रामपंचायतीत घराची नोंद लावा. नवीन नमुना 8 हातात आला की त्यावरचं क्षेत्रफळ मंजूर नकाशाशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज पुढच्या कर आकारणीच्या आत द्या.