'पाच मिनिटांत येते' म्हणू नका: ॲस्परगर असलेल्या मुलांसोबत आणि मोठ्यांसोबत राहताना

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. "पाच मिनिटांत येते हां" म्हणून मी खाली भाजी आणायला गेले, घरात सासूबाई होत्या. भाजीवाल्याकडे गर्दी, मग शेजारच्या काकू भेटल्या, वीसेक मिनिटं गेली. वर आले तर पोरगं दारात उभं, हातात टेबलावरचं घड्याळ, घामाघूम झालेलं, आणि एकच वाक्य परत परत, "तू सहा वाजून दहा मिनिटांनी येणार होतीस." सासूबाई म्हणाल्या किती हट्टी आहे गं हा. मलाही तेव्हा तसंच वाटलं आणि मी त्याला रागावले, त्याचं आजही वाईट वाटतं. मी 'पाच मिनिटं' सहज बोलून गेले होते, त्याने ती मोजली होती.

तेव्हापासून नऊ वर्षं झाली. तो आठ वर्षांचा असताना डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडून (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) रिपोर्ट मिळाला, ऑटिझमचा. त्यातल्याच एका प्रकाराला पूर्वी ॲस्परगर म्हणायचे: बोलणं आणि बुद्धी व्यवस्थित, पण आडून बोललेलं, न सांगितलेलं कळत नाही, आणि आवाज, स्पर्श, अचानक झालेले बदल फार त्रास देतात. या काळात जे शिकले ते इथे लिहितेय, कारण माझ्यासारखी कुणीतरी आत्ता रात्री मोबाईलवर हेच शोधत बसलेली असणार.

आधी नावाचा गोंधळ. तुमच्या रिपोर्टवर ॲस्परगर असा शब्द बहुतेक दिसणारच नाही, 'ऑटिझम स्पेक्ट्रम, लेव्हल १' (म्हणजे त्यातल्या त्यात कमी मदत लागणारा) असं काहीतरी असेल. घाबरू नका, डॉक्टर चुकलेले नाहीत. व्हिएन्नाच्या हान्स ॲस्परगरने १९४४ साली अशा मुलांबद्दल लिहिलं, १९८१ मध्ये लॉर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी त्याचं नाव देऊन हे जगापुढे आणलं, १९९४ ला ते अमेरिकन डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात आलं आणि २०१३ ला तिथून काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरलं गेलं. जुना नियम असा होता की बोलणं उशिरा आलेलं नाही आणि बुद्धी नॉर्मल आहे तर ॲस्परगर. खुद्द हान्स ॲस्परगरने नाझी काळात काही मुलांना अशा संस्थेत पाठवलं होतं जिथे मुलं मारली जायची, हे २०१८ च्या संशोधनात नीट पुढे आलं, म्हणून बऱ्याच जणांना हे नाव आता नकोसं वाटतं. ज्या मोठ्या माणसांना पूर्वी हेच नाव मिळालं त्यातले काही ते सोडत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. मी इथे ॲस्परगर लिहितेय कारण आपल्याकडे लोक अजून हाच शब्द शोधतात.

आणि एक, हे कुणी काही चुकीचं केल्यामुळे होत नाही. लसीमुळे नाही, आई नोकरी करते म्हणून नाही, गरोदरपणात ग्रहण पाहिलं म्हणून तर नाहीच नाही. लसीने ऑटिझम होतो ही भीती ज्या १९९८ च्या पेपरमुळे पसरली, तो २०१० मध्ये त्या जर्नलनेच मागे घेतलाय. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. "वळण लावलं नाही" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक कार्यात ऐकायला मिळेल, त्याला उत्तर देत बसण्यात शक्ती घालवू नका.

आता मुख्य मुद्दा, बोलायचं कसं. मला एका वाक्यात सांगायला लावलं तर मी म्हणेन, आधी सांगा आणि सरळ सांगा. आपलं मराठी बोलणं किती आडवळणाचं असतं हे घरात असं मूल आलं की कळतं. "तुला अभ्यास करायचाय का?" विचारलं की माझा मुलगा "नाही" म्हणायचा, आणि आम्ही म्हणायचो उलट बोलतो. अहो, त्याला प्रश्न विचारला, त्याने खरं उत्तर दिलं! आता मी म्हणते, "सात वाजता गणिताची ही तीन उदाहरणं करायची, मग खेळायला जायचं." बसतो. "जरा नीट वाग" म्हणजे काय ते त्याला कळत नाही, "आजोबा झोपलेत, दार हळू लाव" कळतं. एका सूचनेत एकच गोष्ट. सांगून झालं की दहा सेकंद गप्प राहा, मनात मोजा हवं तर, कारण ऐकलेलं आत पोचायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगतो, मग त्याचं पहिलंच अर्धवट राहतं.

डोळ्यात डोळे घालून बोल, हा आग्रह सोडा. तो खिडकीकडे बघत असतो तेव्हाच नीट ऐकत असतो, डोळ्यात बघायला लावलं की सगळी ताकद त्यातच जाते आणि ऐकणं राहून जातं. पाहुण्यांच्या पाया पडायचं, मिठी मारायची, पापा द्यायचा, हे पण जबरदस्तीने नको. आम्ही लांबून नमस्कार शिकवला, त्यात मानही राहतो आणि कुणाचा हातही लागत नाही.

लिखित नियम मात्र उपयोगी पडतात. एकदा त्याने आत्येसासूबाईंना तोंडावर सांगितलं, तुम्ही मागच्या वेळेपेक्षा जाड झालात. सगळे गार. त्याला ओरडून काही होत नाही, कारण खोटं तो बोललाच नव्हता. घरी येऊन वहीत लिहिलं, 'कुणाच्या शरीराबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं नाही, घरी येऊन आईला सांगितलं तर चालेल.' बाकीच्या मुलांना जे नुसतं बघून कळतं ते याला असं सांगावं लागतं, पण एकदा सांगितलं की तो पाळतो, आपल्यापेक्षा जास्त पाळतो.

आवाज, कपडे, जेवण, गर्दी

हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, म्हणून इथे जरा थांबते. मिक्सरचा आवाज तुमच्या आमच्या कानाला त्रासदायक, त्याला तो दुखतो. शर्टाच्या मागचं लेबल दिवसभर टोचत राहतं. आमटी भातात मिसळलेली चालत नाही, वरण वेगळ्या वाटीत लागतं, भेंडीचा बुळबुळीतपणा तोंडात गेला की उलटी येते, हे नखरे नाहीत. उपाय साधे आहेत. मिक्सर लावण्याआधी "मिक्सर लावतेय" म्हणायचं, लेबल कापून टाकायचं, सुती कपडे दोनदा धुऊन मग घालायला द्यायचे, दिवाळीत कानावर हेडफोन. नवा पदार्थ ताटात फक्त ठेवायचा, खा म्हणायचं नाही, कधी दोन महिन्यांनी तो स्वतःच चाखतो. काहींचं उलट असतं हं, त्यांना थंडी-ऊन, भूक, लघवीची भावना लवकर जाणवतच नाही, अशांना वेळ ठरवून आठवण करावी लागते.

माझ्या भाचीच्या लग्नातला प्रसंग सांगते. तो नऊ वर्षांचा होता. हॉलमध्ये बँड, त्यात माईकवर मंगलाष्टकं, अत्तराचा वास, नवा जरीचा कुर्ता, आणि शेवटी पाठीमागून कुणीतरी जोरात फेकलेल्या अक्षता याच्या मानेवर आणि कॉलरच्या आत. तो खाली बसला, कान दाबले आणि असा ओरडायला लागला की बँड थांबला. चार जण धावत आले, एक म्हणतो पाणी मारा, एक म्हणतो नजर लागली, एका मामांनी हात धरून ओढलं आणि तो त्यांना चावला. याला मेल्टडाउन म्हणतात. हट्टात मूल मधूनमधून बघतं की आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे का, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये त्याच्या हातात काहीच राहिलेलं नसतं, खेळणं द्या नाहीतर चॉकलेट द्या, थांबत नाही.

अशा वेळी काय करायचं, तर बहुतेक कमी करायचं. बोलणं बंद. प्रश्न तर अजिबात नको. माणसं बाजूला करा, लाइट कमी करा, शक्य असेल तर बाहेर मोकळ्या जागेत किंवा गाडीत न्या, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी धरा. हात लावू नका, पण लांबही जाऊ नका, दोन हातांवर शांत बसून राहा. काहींना घट्ट पांघरूण आवडतं, ते आधीच माहीत असेल तरच. ओसरायला कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. नंतर ते मूल इतकं दमतं की झोपतंच, त्या दिवशी समजावू नका, माफी मागायला लावू नका. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसायचं, काय काय झालं ते क्रमाने लिहायचं, कशाने सुरू झालं ते सापडतं. काही मुलं ओरडत नाहीत, एकदम गप्प होतात, उत्तर देत नाहीत, तेही हेच असतं, फक्त कुणाला दिसत नाही.

पुढच्या लग्नाला आम्ही आदल्या दिवशी त्याला रिकामा हॉल दाखवून आणला. कार्यक्रम क्रमाने लिहून दिला, कुठली खोली शांत आहे ती ठरवली, जुना मऊ सदरा, हेडफोन, स्वतःचा डबा, आणि अक्षता आम्ही त्याच्या हातात दिल्या, बसवलं सगळ्यात मागच्या रांगेत भिंतीला टेकून. मंगलाष्टकं संपली की निघायचं असं ठरलं होतं. तो म्हणाला जेवून जाऊ.

शाळा

शाळेत एक लेखी पान द्या. मोठा रिपोर्ट कुणी वाचत नाही. एका पानावर, याला काय अवघड जातं, काय केलं की सोपं होतं, मेल्टडाउन झाला तर कुठे बसवायचं, फोन कुणाला. आमच्या आधीच्या शाळेत बाई म्हणाल्या, "हात चालव जरा", तर हा खरंच हात हलवायला लागला, वर्ग हसला आणि बाईंना वाटलं नक्कल करतोय, तासभर बाहेर उभा. एक पान आधी दिलं असतं तर हे टळलं असतं असं मला वाटतं. मधल्या सुट्टीकडे खास लक्ष ठेवा, तासापेक्षा तीच अवघड, कारण तिथे नियम नसतात, आणि चिडवणं, डबा पळवणं तिथेच होतं. हा घरी येऊन सांगणार नाही, कारण सांगायची गोष्ट आहे हेच त्याला माहीत नसतं. रोज "कसा गेला दिवस" विचारण्यापेक्षा "सुट्टीत कुणाशेजारी बसलास" विचारा.

मुलींच्या आयांना मुद्दाम सांगते, मुली दुसऱ्यांचं बघून हुबेहूब वागायला शिकतात, शाळेत शहाण्या आणि घरी आल्या की कोसळतात. त्यामुळे त्यांचं निदान फार उशिरा होतं. शाळा म्हणते काही प्रॉब्लेम नाही, तरी तुमच्या मनात शंका असेल तर तपासून घ्या.

आवडीचा विषय तोडू नका. माझ्या मुलाला एसटीचं वेड आहे. नंबर प्लेटवर एमएच १४ दिसलं की दापोडीत बांधलेली, २० म्हणजे चिकलठाण्याची, ४० म्हणजे नागपूरच्या हिंगण्याची, असं तो स्टँडवर उभा राहून सांगत असतो. आधी आम्ही "पुरे आता" म्हणायचो. मग गणित एसटीच्या भाड्यावर घेतलं, भूगोल डेपोंवर, आणि त्याची पहिली मैत्री स्टँडवरच्या एका कंट्रोलर काकांशी झाली. समोरचा कंटाळला हे ओळखायचं कसं तेही शिकवलं, पाच मिनिटं बोललास की विचार, अजून सांगू का?

कागदपत्रं आणि डॉक्टर

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. सर्टिफिकेटसाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पोर्टलवर अर्ज, मग नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी. सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लागलं तर बऱ्याच सवलती लागू होतात. लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळू शकतो, त्यासाठी नववीतच शाळेच्या मागे लागा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चासाठी. ऑटिझम 'बरं करणारं' औषध नाही. चिंता, झोप, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), फिट्स अशा सोबत येणाऱ्या गोष्टींवर औषधं असतात, ती डॉक्टर देतील. स्टेम सेलने बरं होतं असं सांगून लाखो रुपये मागणारे भेटतील, त्याला पुरावा नाही, दागिने मोडू नका. तो पैसा स्पीच थेरपी (बोलण्या-संवादासाठी), ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं, आवाज-स्पर्शाचा त्रास यांसाठी) वापरा, आणि थेरपीतून मूल रोज रडत बाहेर येत असेल तर थेरपिस्ट बदला.

मोठी माणसं

मुलाचा रिपोर्ट वाचताना माझे दीर हळूच म्हणाले, वहिनी, हे तर माझंच लिहिलंय. वय ४१, अकाउंट्समध्ये नोकरी, आम्ही सगळे त्यांना तुसडे समजायचो. कुणाच्या घरी गेले की अर्ध्या तासात उठायचे, फोन उचलायचे नाहीत. सायकियाट्रिस्टकडे गेले, निदान झालं, आणि त्या दिवशी ते रडले. आयुष्यभर आपण वाईट माणूस आहोत असं वाटत होतं म्हणाले. मोठेपणीही निदान होतं आणि बऱ्याच जणांना त्याने हायसं वाटतं, पण कुणावर ढकलू नका. "तू ॲस्परगर आहेस" असं भांडणात तर कधीच म्हणू नका.

घरात कुणी असं मोठं असेल तर फोनऐवजी मेसेज करा. न सांगता जाऊन टपकू नका. बायकोला वाटतं मी उदास आहे हे याला दिसत कसं नाही, तर नाही दिसत, सांगा, "मला आज बरं वाटत नाहीये, शेजारी बस." माया कमी असते असं मुळीच नाही, ती दाखवायची पद्धत वेगळी असते. भाऊजींनी माझ्या गाडीची हवा दर रविवारी न चुकता तपासलीय, वर्षानुवर्षं, आणि मला ते कळलंच नव्हतं. ऑफिसात त्यांच्या साहेबांनी तीन गोष्टी केल्या, काम ईमेलवर तारखेसकट सांगायचं, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी द्यायचे, जागा एसीच्या आवाजापासून लांब. "तू बघून घे" ही सूचना नाही.

एक गंभीर गोष्ट. नैराश्य आणि जीव नकोसा होण्याचं प्रमाण या लोकांमध्ये जास्त आहे, आणि त्यांचा चेहरा बघून ते कळेलच असं नाही. आवडीचा विषयही सुटला, जेवण-झोप बिघडली, आधी जमणारी कामं अचानक जमेनाशी झाली, तर थेट शब्दांत विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने कुणी ते करत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही आहे.

आमच्या फ्रिजवर आता एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर उद्या कोण कधी बाहेर जाणार, कधी येणार ते लिहिलेलं असतं. काल मी 'बँक, ११ ते १२' लिहिलं होतं. खाली पोराने पेनाने जोडलंय, 'उशीर होणार असेल तर ११:५० ला मेसेज कर.' करते.