मॉडेलिंग चालू असतानाच व्यवसायाची पायाभरणी कशी करावी

मॉडेलिंगमधून व्यवसायात जायचे असेल तर त्याची तयारी बुकिंग कमी झाल्यावर नव्हे, तारखा भरलेल्या असताना सुरू करावी. ऐकायला हे सोपे वाटते, पण बहुतेक जण नेमके इथेच चुकतात, कारण या पेशात काम एका दिवसात थांबत नाही. आधी मासिकांच्या शूटसाठी होणारी विचारणा कमी होते, मग राखून ठेवलेल्या तारखा ऐनवेळी मोकळ्या होऊ लागतात, मग जुने ग्राहक नेहमीपेक्षा कमी दर सुचवतात, आणि हंगाम मंद आहे असे मनाला समजावत दोन वर्षे निघून जातात. तोवर शिल्लक आटलेली असते आणि ज्यांच्याशी भागीदारीची बोलणी करता आली असती, त्यांच्या लेखी तुमचे नावही मागे पडलेले असते.

पहिले काम हिशेबाचे

व्यवसायाची कल्पना सुचण्याआधी आपली खरी कमाई किती आहे हे कळले पाहिजे. दिवसाचा दर म्हणजे कमाई नव्हे. एजन्सीचे कमिशन साधारणपणे २० टक्के असते. दुसऱ्या शहरात किंवा देशात काम मिळाल्यास मूळ एजन्सीचा, म्हणजे जिने तुम्हाला तिथल्या एजन्सीकडे पाठवले तिचा, वाटाही मध्ये येऊ शकतो. शिवाय टेस्ट शूट (नमुना छायाचित्रांसाठीचे शूट), कॉम्प कार्ड (मॉडेलची छायाचित्रे आणि मापे असलेले कार्ड), विमानाचे तिकीट आणि राहण्याची जागा यांवर एजन्सीने उचल म्हणून केलेला खर्च पुढच्या मानधनातून वळता केला जातो. म्हणून प्रत्येक बुकिंगची स्वतंत्र नोंद ठेवावी: ग्राहक कोण, ठरलेली रक्कम किती, छायाचित्रांच्या वापरासाठी वेगळे पैसे मिळाले का, कमिशन किती गेले, वजावट कशाची झाली आणि पैसे प्रत्यक्ष हातात कधी आले. शेवटची नोंद फार महत्त्वाची आहे, कारण या क्षेत्रात पैसे हाती यायला महिनेच्या महिने लागतात आणि व्यवसाय सुरू झाल्यावर माल पुरवणारा तितके दिवस थांबत नाही.

वजावटीचा तपशील मागताना संकोच करू नये. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून लागू झालेल्या फॅशन वर्कर्स ॲक्टने मॉडेल व्यवस्थापन कंपन्यांच्या कमिशनवर २० टक्क्यांची मर्यादा घातली आणि मॉडेलला करारांच्या प्रती देणे बंधनकारक केले. जिथे असा कायदा नाही, तिथेही प्रत मागणे ही उद्धटपणाची नव्हे, साध्या व्यवहाराची गोष्ट आहे. या नोंदींवरून निव्वळ उत्पन्न समजले की वर्षभराचा घरखर्च एका खात्यात बाजूला ठेवावा आणि व्यवसायाचे भांडवल दुसऱ्या खात्यात साठवावे. दोन्ही पैसे एकत्र ठेवले की पहिल्याच अडचणीत घरखर्चाची रक्कम मालाच्या बिलात जाते.

हिशेबाबरोबरच चालू असलेले आणि नुकतेच संपलेले सर्व करार काढून वाचावेत. तुमचा चेहरा कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ वापरण्याची परवानगी दिली आहे, तसेच एखाद्या प्रकारच्या उत्पादनासाठी तुम्ही फक्त एकाच ब्रँडशी बांधलेले आहात का, हे त्यातून कळते. त्वचेच्या निगेच्या एखाद्या ब्रँडशी असा करार चालू असताना स्वतःचे क्रीम बाजारात आणले, तर तो सरळ करारभंग ठरू शकतो. एजन्सीच्या करारातले एक कलम विशेष काळजीने पाहावे: कमिशन केवळ मॉडेलिंगच्या कामांवर आहे, की तुमच्या नावातून होणाऱ्या सर्व उत्पन्नावर? दुसरा प्रकार असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ते कलम बदलून घ्यावे. मागणी असताना हा बदल मान्य होण्याची शक्यता जास्त असते. नंतर हाती वजन उरत नाही.

कोणता व्यवसाय?

आपण प्रसिद्ध आहोत म्हणून लोक आपले उत्पादन घेतील, या समजुतीवर उभे केलेले व्यवसाय टिकत नाहीत असे माझे ठाम मत आहे. टिकतो तो कामातून मिळालेल्या माहितीवर उभा असलेला व्यवसाय. सोमालियात जन्मलेल्या मॉडेल इमान यांनी १९७०च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये काम सुरू केले, तेव्हा मेकअप करणाऱ्यांकडे त्यांच्या रंगाशी जुळणारे फाउंडेशन नसे, त्यामुळे त्या स्वतःच छटा मिसळून आपले फाउंडेशन तयार करत. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःची सौंदर्यप्रसाधने बाजारात आणली ती सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांची ही गरज ओळखून. त्यांचे नाव मोठे होतेच, पण कोणती छटा मिळत नाही आणि का मिळत नाही हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने माहीत होते, आणि ते नावापेक्षा मोलाचे होते. विल्हेल्मिना कूपर यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. मॉडेल म्हणून यश मिळवल्यावर त्यांनी १९६७ मध्ये पतीसह स्वतःची मॉडेल एजन्सी काढली. बुकिंग, मानधन आणि कास्टिंग यांची जी बाजू मॉडेलला रोज सोसावी लागते, ती त्यांना आतून ठाऊक होती.

तुमच्याकडेही अशी माहिती आहे, फक्त ती लिहून ठेवलेली नसते. त्यासाठी एक वही करावी आणि प्रत्येक कामानंतर त्यात काहीतरी नोंदवावे. फिट मॉडेल म्हणून, म्हणजे कपड्याचे माप अंगावर तपासण्यासाठी, उभे राहताना पॅटर्न (कापणीचा नमुना) तयार करणारा टाचण्या कुठे लावतो, मुंढा कुठे ओढतो, बसल्यावर कंबरपट्टी कशी दुमडते, एका धुण्यानंतर माप किती बदलते, हे सर्व तुम्ही आपल्या अंगावर पाहिलेले असते. कपड्यांच्या व्यवसायात हे ज्ञान मिळवण्यासाठी इतरांना पैसे मोजावे लागतात. शूटवर गेल्यावर कॉल शीट, म्हणजे त्या दिवसाचे वेळापत्रक, नीट वाचावी आणि कोणाला किती वाजता का बोलावले आहे, दिवसभरात किती पोशाख टिपले जातात, कोणत्या कारणाने वेळ वाया जातो हे पाहावे. कॅटलॉगच्या कामात ग्राहकाचा प्रतिनिधी कोणत्या तपशिलासाठी छायाचित्र पुन्हा काढायला लावतो, याकडे लक्ष द्यावे, कारण खरेदीदार नेमका कशावरून वस्तू परत करतो हे त्याला विक्रीच्या आकड्यांवरून माहीत असते. मोकळ्या वेळेत त्याला दोन प्रश्न विचारले तर तो सहसा आनंदाने उत्तर देतो. अशी वर्षभराची वही चाळल्यावर जी तक्रार दहा वेळा आली असेल, तिथे तुमचा व्यवसाय शोधावा.

हिशेब, किंमत ठरवणे आणि माणसे सांभाळणे या गोष्टी मात्र शूटवर शिकता येत नाहीत. त्यासाठी एखादा अभ्यासक्रम करण्यात कमीपणा मानू नये. मॉडेल टायरा बँक्स यांनी स्वतःची निर्मिती कंपनी चालवत असतानाच हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मालक आणि अध्यक्षांसाठीचा कार्यक्रम २०१२ मध्ये पूर्ण केला होता.

नाव द्यायचे, की मालकी ठेवायची

व्यवसायात उतरण्याचे चार मार्ग ढोबळमानाने दिसतात: ठरावीक मानधन घेऊन जाहिरात करणे, आपले नाव परवान्यावर (दुसऱ्या कंपनीला वापरायला) देऊन विक्रीतून रॉयल्टी, म्हणजे ठरावीक टक्के वाटा, घेणे, भागीदारीत हिस्सा घेणे आणि संपूर्ण कंपनी स्वतः उभारणे. जोखीम याच क्रमाने वाढते आणि ताबाही याच क्रमाने वाढतो. मॉडेल कॅथी आयर्लंड यांच्याकडे १९९३ मध्ये मोज्यांची जाहिरात करण्याचे काम आले, तेव्हा त्यांनी केवळ मानधन न घेता त्या मोज्यांच्या व्यवसायातच सहभागी होण्याचा प्रस्ताव मांडला, आणि पुढे फर्निचरपासून गालिच्यांपर्यंत अनेक वस्तूंना आपले नाव परवान्यावर देणारी कंपनी वाढवली. ज्याच्याकडे कारखाना आणि वितरण नाही, त्याच्यासाठी हा मार्ग शहाणपणाचा आहे.

मात्र परवान्याची दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवावी. मॉडेल एल मॅकफर्सन यांच्या नावाची अंतर्वस्त्रे न्यूझीलंडची बेंडन ही कंपनी १९९० पासून बनवत होती. हा संबंध २०१४ मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीने दुसऱ्या मॉडेल हायडी क्लूम यांच्या नावाने अंतर्वस्त्रे बाजारात आणली. नाव बदलले, पण कारखाना, पॅटर्न आणि दुकानांशी असलेले संबंध कंपनीकडेच राहिले. परवान्याचा करार करताना तो संपल्यावर आपल्या हाती काय उरेल, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या बैठकीतच विचारावा.

रॉयल्टीच्या टक्क्यापेक्षा ती कशावर मोजली जाते हे अधिक महत्त्वाचे असते. घाऊक किंमत किरकोळ किमतीच्या निम्मी असेल, तर घाऊक विक्रीवरची ६ टक्के रॉयल्टी म्हणजे दुकानातल्या किमतीच्या ३ टक्केच होते. त्यातून परत आलेला माल आणि सवलती वजा केल्या जात असतील तर ती आणखी घटते. दरवर्षीची किमान हमी रक्कम, तिमाही विवरण आणि कंपनीच्या हिशेबवह्या तपासण्याचा अधिकार, या तीन गोष्टी करारात लेखी असल्याशिवाय सही करू नये. दर्जा घसरल्यास उत्पादन थांबवण्याचा हक्कही मागावा, कारण वस्तू वाईट निघाली तर खरेदीदार कारखान्याचे नाही, तुमचे नाव लक्षात ठेवतो.

नावाची ट्रेडमार्क नोंदणी स्वतःच्या किंवा पूर्णपणे स्वतःच्या ताब्यातील कंपनीच्या नावे करावी आणि इतरांना फक्त वापराची परवानगी द्यावी. अमेरिकी डिझायनर हॉल्स्टन यांनी १९७३ मध्ये आपला व्यवसाय नावासकट विकला, आणि पुढे त्यांना स्वतःच्याच नावाने कपडे बनवता येईनात. स्पर्धा न करण्याची अटही तितक्याच गांभीर्याने वाचावी. मेकअप कलाकार बॉबी ब्राउन यांनी १९९५ मध्ये आपला ब्रँड एस्टी लॉडर कंपनीला विकला, तेव्हा मान्य केलेली अशी अट २५ वर्षांची होती. त्यांचा पुढचा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड २०२० मध्ये, ती मुदत संपल्यावरच आला.

सुरुवात आणि मॉडेलिंगचा निरोप

पहिली खेप लहान ठेवावी, इतकी लहान की सगळी न विकली गेली तरी घरखर्चाच्या खात्याला हात लावावा लागू नये. समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या म्हणजे खरेदीदारांची संख्या असे गृहीत धरू नये. त्यांतील अनेकांना तुमचे छायाचित्र पाहायचे असते, वस्तू घ्यायची नसते. आगाऊ नोंदणी घेऊन आणि थोडी रक्कम भरून घेऊन मागणीचा अंदाज घेणे अधिक विश्वासार्ह ठरते.

प्रचारासाठी जुन्या मोहिमांतली छायाचित्रे वापरण्याचा मोह होतो, पण छायाचित्रात तुम्ही असलात तरी त्याचे हक्क बहुधा छायाचित्रकाराकडे किंवा ग्राहकाकडे असतात. लेखी परवानगी घ्यावी किंवा नवे शूट करावे. नव्या शूटमध्ये इतर मॉडेल घेतल्यास त्यांचे मानधन वेळेत द्यावे आणि वापराची मुदत स्पष्ट लिहावी. आपण स्वतः ज्या गोष्टींसाठी अडून राहिलो, त्या दुसऱ्याला मागाव्या लागू नयेत.

मॉडेलिंग एकदम सोडण्याची गरज नसते. आपल्या बुकरला (एजन्सीत तुमच्या तारखा ठरवणाऱ्या व्यक्तीला) योजना आधीच मोकळेपणाने सांगावी, दूरच्या प्रवासाची कामे आधी कमी करावीत आणि वेळेवर पैसे देणारे दोन-तीन जुने व्यावसायिक ग्राहक शेवटपर्यंत राखावेत. व्यवसायाच्या उत्पन्नातून सलग चार तिमाहींचा घरखर्च निघाला, आणि तोही बाजूला ठेवलेल्या रकमेला न शिवता, तर पुढच्या हंगामासाठी तारखा देऊ नका असे एजन्सीला कळवण्यास हरकत नाही.