थरारपट पाहून मूल घाबरलंय? या चुका टाळा

रात्रीचा खेळ संपवून पणजीहून घरी येईपर्यंत मूल गप्प असतं. दिवा मालवला की प्रश्न सुरू होतात आणि आपल्या तोंडून निघतं, "काही नसतं रे, झोप." यानं भीती जात नाही, मूल फक्त बोलायचं थांबतं. त्यापेक्षा विचारा, "कुठला भाग सारखा आठवतोय?" कित्येकदा खून नव्हे, तर आई हरवते तो प्रसंग मनात बसलेला असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'ते खोटं असतं' हे पुरेसं पटत नाही, त्याला जवळ घ्या. नऊ-दहा वर्षांचं मूल तयार असेल, तर तोच प्रसंग दिवसा आवाज बंद करून दाखवा. निम्मी भीती पार्श्वसंगीताची होती, हे त्याचं त्यालाच कळतं.

रोज खाटेखाली बॅटरी मारून "बघ, कोणी नाही" असं दाखवू नका. एकदा ठीक आहे, पण रोज शोधलं तर तिथे कोणीतरी असू शकतं, असंच मूल धरून चालतं. घरातले आवाज दिवसा ओळखीचे करून द्या: कौलांवरून पळणारं उदमांजर, परसात पडणारी माडाची झावळी. पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा बॅटरी मुलाच्या उशाशी असू द्या. "देवचार येईल" ही धमकी तर नकोच. गोव्यात देवचार म्हणजे गावचा राखणदार, त्याला बागुलबुवा कशाला करायचं?

सर्वांत मोठा घोळ होतो तो घाबरलेल्या मुलाला त्याच रात्री सुरक्षिततेचे धडे देण्यात. चित्रपटातला माणूस मग शाळेच्या फाटकापाशी दिसू लागतो. एक-दोन दिवस जाऊ द्या, दुपारी बोला आणि कृती शिकवा. आणायला दुसरं कोणी आलं, तर घरात ठरलेला गुप्त शब्द विचारायचा. शब्द आला नाही, तर परत बाईंकडे जायचं. पालकांचा एक नंबर पाठ हवा, शिवाय तातडीच्या मदतीचा ११२ आणि मुलांसाठीच्या मदतीचा १०९८. केवळ 'अनोळखी माणसापासून सावध' एवढ्यावर थांबू नका. ओळखीच्या माणसानं नकोसा स्पर्श केला किंवा 'घरी सांगू नकोस' म्हटलं, तरी सांगायचं.

झोपल्यावर तास-दोन तासांत मूल किंचाळलं, डोळे उघडे असूनही ओळख देत नसलं, तर हलवून जागं करू नका. इजा होणार नाही एवढं पाहा, ते बहुधा आपोआप शांत होतं. पहाटेच्या स्वप्नानं मूल पूर्ण जागं होतं, त्याला मात्र बोलू द्या. दोन-तीन आठवड्यांनीही झोप, जेवण किंवा शाळा बिघडलेलीच असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.